अनारसे करा, नाव कमवा: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

चकली येते, शंकरपाळे येतात, गेल्या दिवाळीत चिवड्यातलं खोबरंसुद्धा करपलं नाही, म्हणून तुमची भीड चेपली आहे. उत्तम. आता अनारशांकडे वळा. फराळाच्या ताटात हा एकच पदार्थ असा आहे, जो फारसं कुणी मागून खात नाही, पण ज्याच्यावरून करणाराची पत ठरते. लाडू चांगला झाला तर लोक दुसरा लाडू उचलतात. अनारसा चांगला झाला तर तो हातात धरतात, उजेडाकडे करून जाळी बघतात आणि विचारतात, "घरी केलेत?" हे दोन शब्द तुमच्या कानावर पडावेत, एवढंच या मार्गदर्शनाचं ध्येय आहे. चव, पोषण, आनंद असल्या गोष्टींसाठी कृपया दुसरा पदार्थ निवडावा.

साहित्य: तांदूळ, गूळ, तूप, खसखस. संपलं. यादी लहान आहे म्हणून हुरळून जाऊ नका. चौदा जिन्नसांच्या मसालेभातात एखादा जिन्नस चुकला तरी बाकीचे तेरा त्याला सांभाळून घेतात. इथे चौघेच आहेत आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही.

१. सल्ला घ्या

निदान तीन अनुभवी बायकांना फोन करा. एकमेकींच्या समोर विचारू नका, माहेरच्या बाजूने एक आणि सासरच्या बाजूने एक असा समतोल ठेवा. पहिली सांगेल, तांदूळ जुनाच हवा. दुसरी म्हणेल, जुना-नवा काही नसतं, जाडा हवा. तिसरी आधी विचारेल, "तुला कुणी सांगितलं जुना घे म्हणून?" आणि नाव ऐकल्यावर म्हणेल, "हां, त्यांचं काय." या "त्यांचं काय"मध्ये वीस वर्षांचा इतिहास असतो. त्यात शिरू नका, तुम्हाला फक्त तांदूळ हवा आहे.

मग गुळाचं प्रमाण विचारा. उत्तर येईल, "समप्रमाण." वाटीने की वजनाने? "समप्रमाण गं." बरं, पण मोजायचं काय, भिजवण्याआधीचे तांदूळ की दळून झाल्यावरचं पीठ? इथे पलीकडे थोडा वेळ कुकरची शिट्टी ऐकू येईल आणि मग ते वाक्य येईल, ज्याच्या पायावर आपलं अर्धं स्वयंपाकघर उभं आहे: "अगं, अंदाज येतो हळूहळू." कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचवलं, पण अनारशांच्या डब्यापर्यंत येता येता त्या मापाचाही धीर सुटतो. भुसभुशीत भरलेली पिठाची वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. कुठली भरायची, हे फोनवर सांगायची पद्धत नाही.

तिन्ही सल्ले वहीत लिहून घ्या. पुढे काही बिघडलं की तीनपैकी दोघींना "मी सांगितलं होतं" म्हणण्याची सोय हवी.

(पुरुष वाचकांनी ही पायरी वगळली तरी चालेल. तुम्ही नुसते तांदूळ भिजत घातलेत, तरी दोन्हीकडच्या नातेवाइकांत कौतुक पसरेल आणि बिघडले तर "निदान केले तरी" म्हणतील. हीच सवलत घरातल्या सुनेला मागून पाहा.)

२. तांदूळ भिजवा, घर सोडू नका

तांदूळ धुऊन तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी तुम्हाला उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं विसरून तुम्ही दारापर्यंत जाऊन परत येता. तिसऱ्या दिवशी घरात येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता विचारतो, "कसला वास येतोय?" हा आंबल्याचा वास आहे आणि तो यायलाच हवा. तांदूळ आंबून मऊ होतो, म्हणून पीठ बारीक निघतं, आणि अनारशाची ती विशिष्ट चवही इथूनच सुरू होते. पाहुण्यांना हे समजावून सांगू नका. खिडकी उघडा आणि शेजारच्यांच्या घराकडे हताशपणे बघा.

या तीन दिवसांत लग्न, बारसं, सत्यनारायण यांची आमंत्रणं आली तर नम्रपणे नाकारा. कारण खरं सांगा: "घरी तांदूळ भिजलेत." समोरची व्यक्ती अनारसेवाली असेल तर समजून घेईल. नसेल तर तिच्याशी संबंध ठेवायचे का, याचा विचार करायला तुमच्याकडे तीन दिवस आहेतच.

३. वाळवा, पण वाळवू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून हिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती मिळते. तांदूळ उपसून चाळणीत निथळा, मग सुती कापडावर सावलीत पसरा. ऊन नको. पंखा चालेल, पण एकीच्या मते नाही चालणार. तांदूळ ओले राहता कामा नयेत, कोरडे होता कामा नयेत. दमट हवेत. दमट म्हणजे मूठ मिटली तर तळव्याला ओल लागत नाही, पण दाणा दाताखाली कटकन वाजतही नाही. तासभर लागतो असं सांगतात. हा तास नागपूरचा की रत्नागिरीचा, ते सांगत नाहीत. कोरड्या हवेत तुम्ही फोन घेऊन येईपर्यंत तांदूळ खडखडीत होतात आणि पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत ते तुमच्याकडे तसेच ओलेकंच बघत राहतात.

या एका तासात पीठ किती ओल धरून बसतं, त्यावर आठवड्याने कढईत काय होणार ते ठरतं. म्हणजे गुन्हा आज घडतो आणि आरोपपत्र दिवाळीच्या तोंडावर दाखल होतं. तोवर सगळे साक्षीदार गावाला गेलेले असतात.

४. दळा आणि चाळा

दमट तांदूळ घेऊन गिरणीत जाऊ नका. गिरणीवाला डब्यात बोट घालील, तुमच्याकडे बघेल, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे गहू ओतेल. पूर्वी हे उखळात कुटत. आता मिक्सर आहे. थोडे थोडे घाला, थांबत थांबत फिरवा, कारण भांडं तापलं की पीठ कडेला चिकटून बसतं. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेली चाळ परत फिरवा, परत चाळा. हे कितीदा करायचं? चाळ संपेपर्यंत किंवा तुम्ही संपेपर्यंत.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुणाला सांगू नका: चाळलेल्या पिठातलं दोन मुठी पीठ वेगळं काढून वाळवून ठेवा. कशासाठी ते सहाव्या पायरीत कळेल. तोपर्यंत घरच्यांनी विचारलं तर "रांगोळीत मिसळायला" म्हणा.

५. गूळ मिसळा आणि गप्प बसा, म्हणजे बोलायला लागा

चाळलेलं पीठ काट्यावर ठेवा. हो, काट्यावर. दार लावून घ्या, हवं तर. गूळ किसून घ्या, साधा मऊ गूळ, चिकीचा नाही, आणि वजनाने पिठापेक्षा थोडा कमीच घ्या. कमी पडलेला गोडवा नंतर वाढवता येतो. जास्त पडलेला गूळ पिठातून परत वेचून काढणारी सुगरण अजून जन्मायची आहे. चमचाभर तूप घालून सगळं एकजीव करा, घट्ट गोळे वळा, डब्यात भरा, झाकण लावा. चार-पाच दिवस पीठ मुरू द्या. गूळ पिठातली ओल ओढून घेतो, सुटतो, आणि कोरडा वाटणारा गोळा हळूहळू सैल होतो.

या दिवसांत तुम्हाला काहीही करायचं नसतं, म्हणून हीच वेळ प्रसिद्धीची. कुणी सहज "काय चाललंय?" विचारलं तर उसासा टाका आणि म्हणा, "काही नाही, अनारशाचं पीठ मुरतंय." बघा परिणाम. तुम्ही अजून एकही अनारसा केलेला नाही, पण तुमच्याबद्दलचा आदर वाढलेला आहे. खरं सांगायचं तर अनारशाच्या संपूर्ण कारकिर्दीत तुमची प्रतिष्ठा या चार दिवसांत सर्वोच्च असते, कारण पुरावा डब्यात बंद आहे. बरीच शहाणी माणसं इथेच थांबतात. पीठ हवाबंद डब्यात महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे "पीठ तयार आहे, वेळ मिळाला की तळायचे" या वाक्यावर एक दिवाळी आरामात निघते.

६. तळा

थांबायचं नसेल तर ऐका. गोळा मळून घ्या. फार घट्ट असेल तर दुधाचा हबका किंवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा. सैल असेल तर देवाचं नाव. लिंबाएवढा गोळा घेऊन खसखशीवर बोटांनी पुरीएवढा थापा. तूप मध्यम तापवा. मध्यम म्हणजे किती, याचं उत्तर तुम्हाला आता पाठ झालं असेल. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा अलगद सोडा. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे वरची बाजूही तळली जाते आणि जाळी उमलते.

आणि मग तो हसतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी घाबरू नये. अनारसा कडेने सुटतो, पसरतो, मधून फाटतो आणि बघता बघता कढईभर तांबूस भुगा तरंगायला लागतो. खसखस तळाशी जाऊन काळी होते आणि पुढच्या प्रत्येक घाण्यात भेटायला येते. तुम्ही सोडून बाकी सगळे त्या क्षणी स्वयंपाकघरात हजर असतात. निदान ताबडतोब सुरू होतं. कुणी मध्ये बोललं. कुणाची तरी नजर लागली. तुझा हात गरम आहे. (पाच मिनिटांनी: तुझा हात गार आहे.) सासूबाईंच्या हातून कधी हसला नाही. खरं म्हणजे त्यांच्या हातूनही हसला होता, पण त्या वेळी मोबाइल नव्हते.

आता कारण ऐका, आणि ऐकून विसरून जा, कारण ते कळल्यावर तुमच्याबद्दलचा आदर कमी होईल. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. तुपात पडल्यावर त्यातला स्टार्च शिजून घट्ट होतो आणि तोच अनारशाला धरून ठेवतो. साखर किंवा गूळ जास्त असला की हा स्टार्च उशिरा शिजतो, गूळ मात्र आधीच पातळ होतो, आणि धरून ठेवणारा येण्याआधीच सगळं पांगतं. तूप गार असलं तरी तेच. ओल जास्त असली तरी तेच. नजर, हात, मध्ये बोलणारा नणंदेचा मुलगा, यांपैकी कुणाचाही यात संबंध नाही. असं जाहीर बोललात तर मात्र पुढच्या वर्षी काही विचारायला कुणी उचलणार नाही तुमचा फोन.

म्हणून आधी एकच तळा. तो हसला, तर रांगोळीसाठी ठेवलेलं ते पीठ थोडं मिसळा आणि पुन्हा एकच तळा. तो दगडासारखा राहिला, जाळीच पडली नाही, तर केळ्याचा तुकडा. अशा चार-पाच चाचण्यांत पीठ ताळ्यावर येतं. तळलेले अनारसे चाळणीत आडवे रचू नका, उभे करा, म्हणजे तूप निथळतं. किती निथळतं ते बघू नका.

७. फसले तर

पर्याय अनेक आहेत. भुगा गोळा करून वर दूध घाला आणि "अनारसा खीर" म्हणून वाटीत द्या. नाव आत्मविश्वासाने घ्या. पीठच सैल झालं असेल तर थोडी कणीक मिसळून गोड धिरडी घाला. मुलं खातील, मुलांना इभ्रत नसते.

अनारसा फुटला नाही पण चपटा, घट्ट आणि बिनजाळीचा झाला असेल, तर तुमचं नशीब थोर आहे. तो आंध्रातला पदार्थ म्हणून द्या. तिकडे संक्रांतीला अरिसेलु करतात, तामिळनाडूत दिवाळीला अधिरसम, कर्नाटकात कज्जाय. सगळे दमट तांदळाच्या पिठाचे आणि गुळाचे. फक्त शेजारी तेलुगू कुटुंब राहत नाही ना, याची खात्री करून घ्या. ते लोक गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात आणि तळल्यावर दाबून तेल काढतात. त्यांना तुमचा बनाव पहिल्या घासाला कळेल, आणि त्यांच्या घरीही हा पदार्थ फसत असल्यामुळे ते तो कुणालाही सांगतील.

शेवटचा पर्याय म्हणजे तयार पीठ. दादरपासून पुण्यापर्यंत फराळाच्या दुकानांत ते पिशवीत मिळतं. आणा, पिशवी शेजारच्या इमारतीच्या कचऱ्यात टाका, पीठ आपल्या डब्यात भरा आणि तळा. "घरी केलेत?" "हो, आत्ताच तळले." यात खोटं काय आहे?

८. वाटप

अनारसे साठवू नका, पोचवा. दुसऱ्याच्या घरच्या अनारशांची जाळी मोजण्याइतका उत्साह लोकांना स्वतःच्या लग्नातही नसतो, तेव्हा त्यांच्यापर्यंत सर्वात जाळीदार नग गेला पाहिजे. डब्यात वरच्या थरात सुंदर ठेवा. खाली काय आहे ते त्यांना उशिरा कळू द्या.

परदेशातल्या लेकरांना पाठवणार असाल तर सावध राहा. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस प्रतिबंधित आहे. तुमच्या मायेने थापलेला अनारसा तिथल्या विमानतळावर अमली पदार्थ म्हणून धरला जाऊ शकतो, आणि तिथे "अहो, नुसती चिमूटभर आहे" हे वाक्य कामी येत नाही. तीळ लावा. गयेचा अनारसा तिळाचाच असतो, तेव्हा परंपरेची काळजी नको. लेकराला मात्र फोनवर सांगा की खसखशीची मजा तिळाला नाही. त्यालाही थोडं वाईट वाटलं पाहिजे.

आणि अधिक महिना. इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. तेहतीसच का, तर अधिक महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो असा हिशेब सांगतात, देवही तेहतीस सांगतात. जावई तेहतीस खात नाही. दोन खातो, तिसरा हातात घेऊन मधुमेहाच्या गोळीचा विषय काढतो, आणि उरलेले तीस त्याच्या आईकडे जातात. तिथे एकेकाची जाळी तपासली जाते. म्हणजे हे वाण देवाच्या नावाने, जावयाच्या हातून, विहिणीकडे जातं. तळताना हे लक्षात ठेवा.

एक पळवाट आहे, ती सांगून ठेवतो. शास्त्राला जाळीदार वस्तू हवी असते. बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो. दोन्ही विकत मिळतात, दोन्ही हसत नाहीत. पण तुम्ही ही वाट धरलीत की "आमच्याकडे अनारसेच देतात" हे वाक्य पुढची तीन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकावं लागेल. हिशेब तुमचा तुम्ही करा.

सगळं जमून आलं आणि कुणी विचारलंच, "घरी केलेत? प्रमाण काय गं?" तर काट्याचं नाव काढू नका. थोडं हसा, पदराला हात पुसा, पदर नसेल तर दुपट्ट्याला, आणि म्हणा, "अंदाजाने." एवढ्याने तुम्ही अनुभवी झालात. आता पुढच्या दिवाळीत फोन तुम्हाला येतील, आणि तुम्हीही जुन्या तांदळाबद्दल काहीतरी ठाम बोलायला हवं. काय, ते आत्तापासून ठरवून ठेवा.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो आणि त्यानंतरचा अधिक महिना २०२९ च्या चैत्रात, मार्चच्या मध्याला लागतो. एकुलती मुलगी असेल तर तेहतीस, दोन असतील तर सहासष्ट. वर निदान दहाचं पीठ जास्त धरा. हसलेले मोजणीत धरत नाहीत.